मागच्या अंगणातली झुकिनी : जानेवारीच्या अर्जापासून ऑक्टोबरच्या थंडीपर्यंत

मध्य न्यू जर्सीत आमचं टाउनहाउस आहे. मागे पंधरा बाय वीस फुटांचा गवताचा तुकडा, आणि त्याला लागून शेजारच्या आजोबांची तेवढीच जागा. आजोबा इटालियन घरातले. दर उन्हाळ्यात ते दोन मोठ्या कुंड्यांत झुकिनी, म्हणजे काकडीसारखी दिसणारी भोपळ्याच्या कुळातली भाजी, लावतात आणि ऑगस्टमध्ये आसपासच्या घरांत वाटतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या दाराशी त्यांनी कागदी पिशवी ठेवली होती. आत तीन झुकिनी, नुसत्या नखानं व्रण उठेल इतक्या कोवळ्या. तोवर दुकानातून आणलेली झुकिनी मला दर वेळी पाणचटच लागली होती. या तीन मात्र मी पीठ पेरून केल्या आणि कढई रिकामी होईपर्यंत कोणी बोललं नाही. त्या रात्रीच ठरवलं, पुढच्या वर्षी आपणही लावायची.

‘झुकिनी कोणालाही येते, बी टाका आणि विसरून जा,’ असं मला निदान पाच जणांनी सांगितलं होतं. ते खरं नाही. बी सहज उगवतं, रोप झपाट्यानं वाढतं, आणि नंतरच्या तीन आठवड्यांत ते हातचं जाऊ शकतं. माझं एक रोप तसं गेलं. कोणाला उपयोग होईल म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवते.

सुरुवात बियांपासून नाही, अर्जापासून झाली. आमच्याकडे घरमालकांची संघटना आहे, सगळे तिला एचओए म्हणतात. घराबाहेर काहीही बदलायचं तर तिची लेखी परवानगी लागते. गवतावर लाकडी चौकट ठेवून वाफा करायचा, तरीही. २२ जानेवारीला मी अर्ज भरला, सोबत २५ डॉलरचा चेक. त्याला जोडायचं काय, तर जागेच्या मोजणी नकाशाची प्रत, त्यावर वाफा कुठे येणार त्याची खूण, लाकडाचा प्रकार, उंची, आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या सह्या. सह्यांची चिंता होती, पण आजोबांनी पेन पुढे करायच्या आधीच सही केली. दुसऱ्या बाजूच्या कुटुंबानं फक्त ‘उंदीर येणार नाहीत ना’ एवढंच विचारलं.

१२ फेब्रुवारीला अर्ज परत आला. नकाशावर वाफा काढला होता, पण कुंपणापासूनचं अंतर फुटांत लिहिलं नव्हतं. समिती महिन्यातून एकदाच बसते, त्यामुळे या एका आकड्यानं माझा पुरा महिना गेला. तुम्ही अर्ज करणार असाल तर चारही बाजूंची अंतरं लिहा, कोणी मागितली नसली तरी. घर विकत घेतानाच्या कागदपत्रांत मोजणी नकाशा असतो. नवा काढून घ्यायची गरज नसते.

१९ मार्चला मंजुरी आली. अटी अशा: उंची बारा इंचांपेक्षा कमी, प्रक्रिया केलेलं लाकूड नको, तीन फुटांपर्यंतची हिरवी जाळी चालेल, १ नोव्हेंबरच्या आत वाळलेली झाडं काढून तसा फोटो पाठवायचा, आणि जाळीचे खांब ठोकण्याआधी ८११ ला फोन करायचा.

८११ हा अमेरिकेतला जमीन खणण्यापूर्वी करायचा फोन. पैसे पडत नाहीत. न्यू जर्सीत खणण्याच्या निदान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवावं लागतं. मग गॅस, वीज, पाणी अशा एकेका कंपनीची माणसं येऊन गवतावर रंग मारतात आणि छोटी निशाणं रोवतात: पिवळं गॅसचं, लाल विजेचं, निळं पाण्याचं, नारिंगी टेलिफोन-इंटरनेटचं, हिरवं सांडपाण्याचं. मला ही उगाचची औपचारिकता वाटली होती. ४ एप्रिलला संध्याकाळी घरी आले तर पिवळ्या निशाणांची रांग माझ्या नियोजित वाफ्याच्या बरोबर मधून गेलेली. वाफा सहा फूट सरकवावा लागला, आणि त्यासाठी पुन्हा संघटनेला मेल, पुन्हा नकाशा. सुदैवानं या वेळी चार दिवसांत होकार आला. अर्जापूर्वीच ८११ ला फोन केला असता तर हे वाचलं असतं.

दरम्यान माती तपासून घेतली. इथल्या रटगर्स विद्यापीठाची माती तपासणी प्रयोगशाळा आहे. वाफ्याच्या जागेतल्या दहा-बारा ठिकाणांहून सहा इंच खोलवरची माती काढायची, एका बादलीत एकत्र करायची, सावलीत वाळवायची आणि त्यातली मूठ-दोन मूठ पाठवायची. मी शिशाची तपासणीही जोडून घेतली. न्यू जर्सीत जुन्या फळबागांवर गेल्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात शिसं आणि आर्सेनिक असलेलं औषध फवारलं जाई, आणि आमची वसाहत एका जुन्या बागेच्या जागी उभी आहे, असं आजोबांनी सांगितलं होतं. मुलांना खायला घालायचं म्हटल्यावर मन ऐकेना. दोन्ही मिळून ४० डॉलर गेले. अहवाल अडीच आठवड्यांनी आला. शिसं काळजीचं नव्हतं, पण सामू (पीएच) ५.७, म्हणजे माती आम्ल. झुकिनीला सहा ते पावणेसात लागतो. चुनखडीची पूड किती घालायची ते अहवालातच लिहिलेलं होतं.

वाफा चार बाय आठ फुटांचा. आठ फुटी तीन फळ्या आणल्या, दुकानातच एकीचे दोन तुकडे करून घेतले. लाकडाला आणि स्क्रूंना ६४ डॉलर. माती पिशव्यांनी आणली असती तर दीड घनफुटाच्या सोळा-सतरा पिशव्या लागल्या असत्या, म्हणून एक घनयार्ड खतमिश्रित माती ट्रकनं मागवली: ४८ ची माती आणि ७५ ची वाहतूक. जाळी, चुनखडी, कापडी आच्छादन आणि त्याच्या कमानी मिळून ८५. बियांची तीन पाकिटं ११ डॉलरची. अर्ज आणि तपासणी धरून एकूण ३४८ डॉलर झाले. हंगामाची सगळी झुकिनी बाजारभावानं मोजली तर ती साठ डॉलरच्या वर जात नाही. पैसे वाचवायला हे करू नये. चौकट आणि जाळी पुढची काही वर्षं टिकतील, एवढंच.

वाण तीन घेतले. ‘ब्लॅक ब्यूटी’ ही गडद हिरवी, जुनी आणि भरवशाची. ‘कोस्टाटा रोमानेस्को’ फिकट रेघांची, कापल्यावर चांदणीसारखी दिसते. ती आजोबांच्या आग्रहावरून. आणि ‘अर्ली प्रॉलिफिक स्ट्रेटनेक’ हा पिवळा स्क्वॉश. तिन्ही एकाच जातीची, म्हणजे कुकुर्बिटा पेपो. उन्हाळी स्क्वॉश म्हणजे कोवळेपणी, साल-बियांसकट खायचं भोपळ्याचं भावंड. ‘स्क्वॉश’ हा शब्दच इथल्या ईशान्य किनाऱ्यावरच्या नॅरागॅन्सेट लोकांच्या ‘आस्कुटास्क्वॉश’वरून आला, अर्थ साधारण ‘हिरवं, कच्चं खायचं’. मेक्सिकोतल्या वहाकाच्या एका गुहेत या जातीच्या लागवडीच्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्यात. तिथून ते युरोपात गेलं, इटलीत मिलानच्या आसपास एकोणिसाव्या शतकात लांबट झुकिनी तयार झाली आणि इटालियन लोकांबरोबर ती पुन्हा अमेरिकेत आली. आजोबांना त्यातलं शेवटचं टोक तेवढं माहीत होतं. पहिलं टोक मी सांगितल्यावर ते बराच वेळ त्या पाकिटाकडे बघत होते.

पेरणी १८ मेला केली. घाई करायची नाही, हे मी आधीच मनाशी पक्कं केलं होतं. आमच्याकडे मेच्या पहिल्या पंधरवड्यातही एखादी रात्र दगा देते, आणि माती गार असली की बी कुजतं. स्वयंपाकघरातला तापमापक मातीत दोन इंच खुपसून रोज सकाळी बघत होते; सलग चार दिवस ६५ फॅरनहाइटच्या वर राहिल्यावर पेरलं. तीन आळी, प्रत्येकात दोन बिया, एक इंच खोल. आठ फुटांत तीनच रोपं! पाकिटात वीस बिया शिल्लक दिसतात आणि मोह होतो, पण रोप पसरलं की तीन फूट घेतं. २५ मेला माती उचलून जाड, वाकलेले कोंब वर आले. दोन्ही उगवले तर दुबळा कोंब उपटायचा नाही, कात्रीनं कापायचा, म्हणजे दुसऱ्याची मुळं हलत नाहीत. पेरलं त्याच दिवशी कमानींवर पांढरं, विरळ कापड टाकून कडा विटांनी दाबल्या होत्या. त्यातून ऊन-पाणी जातं, किडे जात नाहीत.

२ जूनला आई आली, वाईहून. पाच महिने राहणार होती. बॅग उघडायच्या आधी मागे जाऊन तिनं कापड वर केलं, पान उलटून बघितलं आणि म्हणाली, “वेल कुठाय?” तिच्या अंगणात दोडका, दुधी, डांगर सगळे मांडवावर चढतात. झुकिनीला वेल नसतो. मधल्या जाड दांड्याभोवती पानं गच्च येतात, सुरणाच्या झाडासारखा पसारा दिसतो. पानांच्या देठांवर काटेरी लव असते, हात घातला की कोपरापर्यंत आग होते. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट दाराशी टांगून ठेवा.

पाण्याचं आईनं पहिल्याच दिवशी बदललं. मी रोज संध्याकाळी नळीनं पानांवरून शिंपडत होते. तिनं आळ्याभोवती कड करून घेतली आणि तीन दिवसांतून एकदा, सकाळी, बुंध्याशी भरपूर. वर वाळकं गवत पसरलं.

२४ जूनला पहिलं फूल उमललं. तळहाताएवढं, केशरी-पिवळं. मग रोज दोन-तीन. पाच दिवस झाले तरी फळाचं नाव नाही, आणि मी हवालदिल. आईनं एक फूल खुडून देठ दाखवला, बारीक, सरळ. “नर आहे गं. आधी नरच येतात. मादीच्या फुलाखाली बाळ असतं.” तिच्या दुधीचं हेच असतं. २९ जूनला खरोखरच फुलाखाली बोटभर झुकिनी असलेली पहिली कळी दिसली. तिचं फूल सकाळी उमललं, दुपारी मिटलं, आणि चौथ्या दिवशी ती बोटभर झुकिनी टोकाकडून पिवळी पडून मऊ झाली. पुढच्या दोघींचंही तेच. मी खत कमी पडलं म्हणून खत घालायला निघाले होते. कारण साधं होतं: मी कापड अजून काढलंच नव्हतं. मधमाशी आत जाणार कशी?

इथून पुढे आमची सकाळची फेरी सुरू झाली, आणि मला कोणी विचारलं की झुकिनीला काय लागतं, तर मी आधी ही फेरी सांगेन. फूल पहाटे उमलतं आणि दहा-अकरापर्यंत मिटतं. जे व्हायचं ते त्याच चार-पाच तासांत. साडेसहाला कापड उचलायचं. नुकतं उमललेलं नरफूल देठासकट तोडायचं, पाकळ्या सोलून टाकायच्या, मधला पिवळा दांडा उघडा करायचा. त्याला बोट लावलं तर हळदीसारखा पराग चिकटतो. मादीफुलाच्या आत मधोमध ओलसर, लोंबत्या कडांचे दुभंगलेले तुकडे असतात. त्या सगळ्यांवर दांडा हलक्या हातानं फिरवायचा. एकच बाजू लागली तर फळ एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळतं होतं. एका नरफुलात दोन मादीफुलं होतात. आईनं केसांच्या क्लिपनं फुलावर खूण करायची पद्धत काढली, म्हणजे कोणतं झालं ते संध्याकाळी कळावं.

३ जुलैला केलेलं फूल ९ जुलैला सात इंचांची झुकिनी झालं होतं. सहा दिवस! देठ सुरीनं कापला, पिळून तोडला नाही. पिळलं की मुख्य दांडा चिरतो. त्या संध्याकाळी आईनं उरलेल्या नरफुलांची भजी केली. घरी ती भोपळ्याच्या फुलांची करते तशीच: आतला दांडा काढून, बेसन, ओवा, तिखट, आणि थोडं तांदळाचं पीठ. वाटीभर आजोबांना नेऊन दिली. त्यांच्या घरीही ही फुलं तळतात, पण मैद्यात आणि आत चीज भरून. त्यांनी एक खाल्लं, थांबले, आणि आईचा हात धरून इटालियनमध्ये काहीतरी म्हणाले. आई मराठीत म्हणाली, “गरम आहेत तोवर खा.” दोघांना दोघांचं कळलं.

हातानं परागीभवन सुरू झालं म्हणून मी फेरी झाल्यावर कापड परत टाकायला हवं होतं. मी ते ३ जुलैलाच कायमचं काढून टाकलं. मधमाश्याही येऊ देत, असं वाटलं. मधमाश्या आल्या. एकदा दुपारी मिटलेलं फूल भज्यांसाठी उघडलं तर आत एक छोटी माशी गाढ झोपलेली, पाय आखडून, अंगभर पराग. ही खास भोपळ्याचीच रानमाशी. तिच्यातले नर दुपारी मिटलेल्या फुलात झोपतात, माद्या जवळपास जमिनीत बीळ करून राहतात. म्हणून आम्ही वाफ्याभोवतीची माती खोल खणणं बंद केलं, आणि भज्यांची फुलं सकाळीच, उमललेली असतानाच काढायला लागलो.

पण त्याच आठवड्यात आणखी कोणीतरी आलं होतं. नारिंगी पोटाचं, काळे ठिपके असलेलं, गांधीलमाशीसारखं, भर उन्हात बुंध्याशी घिरट्या घालणारं. मी त्याचा फोटोही काढला, रंग छान वाटला म्हणून. तो पतंग होता, दांडा पोखरणाऱ्या अळीचा.

१५ जुलैला दुपारी रोमानेस्कोची सगळी पानं मान टाकून पडली. ९५ अंश फॅरनहाइट ऊन होतं, मी पाणी घातलं. रात्री पानं उठली, दुसऱ्या दिवशी पुन्हा पडली, मी पुन्हा पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी आईनं खाली बसून बुंधा बघितला आणि मला हाक मारली. बुंध्यावर छोटं भोक आणि बाहेर ओल्या लाकडाच्या भुशासारखा लगदा. ती अळीची विष्ठा. दुपारी कोमेजून संध्याकाळी पुरतं सावरणारं पान बहुधा नुसतं उन्हानं कोमेजतं. पण सकाळीही मान वर होत नसेल, किंवा एकच रोप पडून शेजारचं ताठ असेल, तर पाणी घालण्याआधी बुंधा बघा. मी दोन दिवस घालवले.

पात्याला स्पिरिट लावून दांडा उभा चिरला, आडवा नाही. आत पोकळ दांड्यात पांढऱ्या, सुरकुतलेल्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या. पहिली निघाली, मग दुसरी, तिसरी. एकूण पाच. आतलं सगळं खाऊन झालं होतं. रोमानेस्को वाचली नाही. बाजूच्या पिवळ्या स्क्वॉशमध्ये दोनच अळ्या निघाल्या. चिरलेल्या भागावर ओली माती चढवून दांडा तसाच दाबून ठेवला, कारण पानं फुटतात त्या पेरांना मातीत नवी मुळं येतात. आठ दिवस तो जगेल की मरेल कळत नव्हतं. मग मधोमध नवं पान आलं. मी त्या सकाळी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, आईनं खिडकीतून अंगठा वर करून दाखवला.

ब्लॅक ब्यूटीच्या बुंध्यावर आम्ही अंडी शोधली. टाचणीच्या डोक्याएवढी, चपटी, तांबूस तपकिरी, एकेकटी. नखानं खरवडून काढली. पुढे रोज सकाळी फुलं झाली की बुंधा, बुंधा झाला की पानांची मागची बाजू. तिथे आणखी एक असतं, स्क्वॉशचा ढेकूण. तो ब्राँझच्या मण्यांसारखी चकचकीत अंडी शिरांच्या बेचक्यात ओळीनं घालतो. ती नखानं निघत नाहीत, पान फाटतं. चिकटपट्टी उलटी बोटांना गुंडाळून दाबली की स्वच्छ उचलली जातात. दोघींचं काम वीस मिनिटांचं, आणि औषध एकदाही फवारलं नाही.

रटगर्सच्या कृषी विस्तार विभागाकडे स्वयंसेवक बागकामगारांची मोफत दूरध्वनी सेवा आहे. मी फोटोसकट विचारलं. त्यांच्याकडून दोन गोष्टी कळल्या. पतंगाला पिवळा रंग ओढतो, म्हणून जूनअखेर पिवळ्या वाडग्यात साबणाचं पाणी ठेवलं की पतंग आला हे आधी कळतं. आणि जुलैच्या मध्यात दुसरी पेरणी केली तर रोप मोठं होईपर्यंत पतंगाचा मुख्य भर ओसरतो. मेलेली रोमानेस्को उपटून १८ जुलैला तिथे पुन्हा ब्लॅक ब्यूटी पेरली. तापल्या मातीत चार दिवसांत उगवली. या रोपावर कापड ऑगस्टअखेरपर्यंत ठेवलं, फक्त सकाळच्या फेरीपुरतं उचलून. ३१ ऑगस्टला तिची पहिली झुकिनी काढली.

ऑगस्टमध्ये पानांवर पिठूळ डाग आले. भुरी, ती द्राक्षांमुळे आईच्या ओळखीची. जुनी, जमिनीला टेकलेली पानं कापून वारा खेळता केला, आणि एक भाग दुधात नऊ भाग पाणी घालून उन्हात फवारलं. आलेले डाग गेले नाहीत, पण नवे सावकाश आले. मला तेवढं पुरलं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुट्टीत, चार दिवस बाहेर गेलो. परत आलो तर पानांखाली दीड फुटाची झुकिनी, मांडीएवढी. एक राहून गेली की झाड बिया पिकवायच्या मागे लागतं आणि नवी फळं थांबतात, म्हणून दिवसाआड शोधून काढायला हवी. आईनं तिचा गर काढून, किसून, पिळून थालीपिठं केली. पिळलेलं पाणीही पिठातच वापरलं.

एक इशारा मात्र अगदी मनापासून. खतकुंडीजवळ आपोआप उगवलेल्या एका रोपाला सप्टेंबरात फिकट, गोलसर फळ धरलं. आईनं चिरण्याआधी चकती काढून जिभेच्या टोकाला लावली आणि लगेच थुंकली. कडूजहर. दुधी चिरताना टोक चाखून बघायची सवय आपल्या घरांत असते ती उगाच नाही. कडू दुधीच्या रसानं माणसं गंभीर आजारी पडली आहेत, दगावलीही आहेत. झुकिनी त्याच कुळातली. शोभेच्या भोपळ्यांशी संकर झालेलं बी असेल तर फळात तेच कडू द्रव्य उतरतं आणि शिजवूनही जात नाही. पाकिटातलं बी सहसा असं निघत नाही, पण आपोआप उगवलेल्या रोपाचं फळ चाखल्याशिवाय कढईत घालू नका.

शेवटची झुकिनी १२ ऑक्टोबरला काढली. हंगामात एकूण ४१. दोन दिवसांनी थंडीच्या एका रात्रीत पानं काळी पडली. बुंधे खतात न टाकता पिशवीत बांधून कचऱ्यात दिले. अळी मातीत कोश करून हिवाळा काढते, म्हणून वरची दोन इंच माती खाली-वर केली. पुढच्या वर्षी तिथे घेवडा आणि झुकिनी दुसऱ्या जागी कुंड्यांत. २४ ऑक्टोबरला रिकाम्या वाफ्याचा फोटो संघटनेला पाठवला. दोन दिवसांनी ‘मिळाला’ असं एका शब्दाचं उत्तर आलं.

आईनं त्या मोठ्या झुकिनीच्या बिया धुऊन, वाळवून रुमालात बांधल्या होत्या, वाईला न्यायला. मी नियम वाचले. बाहेरून बी भारतात आणायला आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो, २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे. शिवाय शेजारीच पिवळा स्क्वॉश होता, त्या बियांतून काय निघेल सांगता आलं नसतं. तिला वाईट वाटलं, पण रुमाल तिनं टेबलावर सोडून दिला. ८ नोव्हेंबरला ती गेली. पुण्याहून वाईला जाताना तिनं भावाला एका बियाण्यांच्या दुकानात थांबवून झुकिनीचं पाकीट घेतलं. तिकडे हिवाळ्यातच ती चांगली येते. २५ नोव्हेंबरला तिनं तुळशीमागच्या आळ्यात पेरली.

जानेवारीत एका रात्री नऊला तिचा फोन आला. वाईत सकाळचे साडेसात.

“अगं, आज पहिलं बाळ आलंय फुलाखाली. पण नर एकही उमललं नाही आज, काल चार होती. काय करू?”

“कालचं मिटलेलं असेल बघ एखादं झाडावर. पाकळ्या सोल, आत पराग आहे का बघ.”

फोन तिनं कट्ट्यावर ठेवला असावा. पाटाचं पाणी ऐकू येत होतं, आणि लांबून कुकरची शिट्टी.

“आहे थोडा,” ती म्हणाली. “थांब, क्लिप आणते.”